डोंगरावरचे नगर, पायथ्याचा दिवा



आज सामान्य काळातील पाचवा रविवार. आजच्या शुभवर्तमानात (मत्तय ५:१३-१६) प्रभू येशू आपल्या शिष्यांना मीठ आणि प्रकाश म्हणतो. त्याच ओघात तो डोंगरावर वसलेल्या, म्हणून लपू न शकणाऱ्या नगराचा दाखला देतो. हा उतारा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कदाचित त्यामुळेच तो कानावरून सरकून जातो. या वेळी मात्र तो आमच्या मनात रुतून बसला, आणि त्याला कारणही तसेच घडले.

नाताळानंतर आपल्या धर्मग्रामातील तरुण आणि काही कुटुंबे मिळून आम्ही कोर्लईला जाऊन आलो. रात्री पिंपळीहून गाडी निघाली. पुणे, खोपोली, पेण, अलिबाग करत सकाळी रेवदंड्याला पोहोचलो, खाडीवरचा पूल ओलांडला आणि समुद्रात घुसलेली ती टेकडी समोर उभी राहिली. निघताना आमच्या पिशवीत एक कागद होता. आपल्या देवळापुढे उंच मनोरा बांधायचा, वर क्रूस बसवायचा आणि तो बारामती-इंदापूर रस्त्यावरून दिसेल असा करायचा, या कल्पनेचा तो आराखडा. धर्मग्राम समितीत यावर दोनदा चर्चा झाली, हे आपणास ठाऊकच आहे. खरे सांगायचे तर त्या कल्पनेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता आम्हीच होतो. परत येताना कागद पिशवीतच होता, पण मनात काही प्रश्न आले होते. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

१. येशू काय म्हणाला, आणि कोणाला?

प्रथम मूळ उताऱ्याकडे नीट पाहू या. तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, 'तुम्ही' हा शब्द अनेकवचनी आहे. येशू एखाद्या मोठ्या संताशी एकट्याशी बोलत नाही. त्याच्यासमोर गालीलातील कोळी, शेतकरी, बायाबापड्या बसल्या आहेत. एक माणूस म्हणजे नगर नव्हे. नगर व्हायला शेजार लागतो.

दुसरी गोष्ट, येशू 'प्रकाश व्हा' असे सांगत नाही. तुम्ही आहातच, असे सांगतो. म्हणजे दिसण्यासाठी वेगळी खटपट करायला तो सांगत नाही. आहे ते झाकू नका, एवढेच त्याचे म्हणणे.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. नगराचा दाखला एका वाक्यात संपतो आणि येशू लगेच घरात शिरतो. दिवा मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, म्हणजे घरातल्या सर्वांना उजेड मिळतो. त्या काळच्या गालीलातील साधे घर डोळ्यांपुढे आणा. एकच खोली आणि मातीची छोटी तेलपणती. रात्री डोंगरावरचे नगर दुरून दिसते, ते तटामुळे नव्हे. घराघरांत अशा पणत्या पेटलेल्या असतात म्हणून ते दिसते. गालील सरोवराच्या पूर्वेला हिप्पोस नावाचे नगर टेकडीवर होते. रात्री नावेत बसलेल्या कोळ्यांना त्याचे दिवे पाण्यापलीकडून दिसत असणार. येशूच्या मनात तेच नगर होते की दुसरे, हा वाद अभ्यासकांवर सोडू या. उजेड घरांचा होता, एवढे आपल्याला पुरे.

आणखी एक आठवण. येशू ज्या नासरेथात वाढला, तेही डोंगरावर वसलेले होते, असे संत लूक सांगतो (लूक ४:२९). त्याच डोंगराच्या कड्यावरून त्याला ढकलून द्यायला गावकरी निघाले होते. म्हणजे उंचीवरचे नगर आपोआप प्रकाशाचे नगर होत नाही. उंचीवरून माणसाला खाली लोटताही येते.

२. कोर्लईची टेकडी

आता कोर्लईकडे वळू. कुंडलिका नदी समुद्राला मिळते, त्या मुखाशी उत्तरेला रेवदंडा आणि दक्षिणेला कोर्लई. जुन्या काळी चौल हे या किनाऱ्यावरचे नावाजलेले बंदर. अहमदनगरच्या निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. समोरची कोर्लईची टेकडी मात्र मोकळी होती. तिच्यावर ज्याच्या तोफा, त्याच्या हाती खाडीचे तोंड. हे ओळखून १५९४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने तेथे किल्ला उभारायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी पोर्तुगिजांनी हल्ला करून तो घेतला.

किल्ल्याचा आकार मोठा गमतीदार आहे. तीन बाजूंना पाणी. लांबी सुमारे नऊशे मीटर, पण रुंदी सरासरी तीस मीटरही नाही. एखाद्या ताणून बसलेल्या मगरीची पाठ असावी तशी ती टेकडी दिसते. एकूण अकरा दरवाजे, त्यांतील चार बाहेरचे आणि सात आतले. एकामागून एक दरवाजे ओलांडत आपण पुढे जातो. वाटेत पाण्याचे टाके लागते, महादेवाचे छोटे मंदिर आणि तुळशीवृंदावन लागते, गंजलेल्या तोफा लागतात, पोर्तुगीज भाषेतले कोरीव लेख लागतात. आणि मग एक देऊळ लागते, आपल्या ख्रिस्ती लोकांचे. त्याला छप्पर नाही. भिंती उभ्या आहेत. वेदी जेथे होती तेथे गवत वाढले आहे.

आम्ही सर्व जण त्या भिंतींच्या आत उभे राहिलो आणि एक 'प्रभूची प्रार्थना' म्हटली. वारा इतका होता की एकमेकांचा आवाज ऐकू येईना. आमच्यातील एका आजींनी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. प्रार्थना संपल्यावर त्या म्हणाल्या, "फादर, एवढी दगडी भिंत असून हे असं झालं. आपण पिंपळीत मूठभर. आपल्यामागं काय राहील?"

प्रश्न साधा होता. त्यावर आम्हाला तेथे काहीच उत्तर सुचले नाही.

उत्तर मिळाले ते उतरताना. टेकडीच्या उतारावर, किल्ल्याच्या तटाबाहेर, एक दीपगृह आहे. किल्ल्यावर जायची पायवाट त्याच्याच मागून वर चढते. चढताना आम्ही त्याच्याकडे फारसे पाहिलेही नव्हते. समुद्रावरच्या माणसांना आज रात्री वाट दाखवतो तो उजेड किल्ल्यातून येत नाही, तर तटाबाहेरच्या या दीपगृहातून येतो. आणि त्याहीखाली, पायथ्याशी, गाव आहे. त्या गावात ख्रिस्ती घरे आहेत, कार्मेल डोंगराच्या पवित्र मरियेचे देऊळ आहे, आणि त्या देवळात मिस्सा होते.

३. तट पडला, वस्ती राहिली

ही वस्ती कशी टिकली, हे समजून घेण्यासारखे आहे.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पुढच्या वर्षी, १७४० च्या तहाने, चौल-रेवदंडा आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अधिकारी आणि सैनिक गेले. किल्ल्यावर बुरुजांची नावेही बदलली. संतांच्या नावांऐवजी गणेश बुरुज, राम बुरुज अशी नावे आली. १८१८ नंतर इंग्रज आले, आणि पुढे किल्ल्याला कोणाचेच काम उरले नाही.

पण पायथ्याची साधी माणसे कोठे जाणार? ती कोणी सरदार नव्हती. स्थानिक धर्मांतरित, किल्ल्याच्या चाकरीतली, शेती करणारी ती कुटुंबे होती. राज्य गेले, आश्रय गेला. तरी त्यांनी श्रद्धा सोडली नाही. आणि हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की नव्या राज्यकर्त्यांनी त्यांना ती सोडायला लावली नाही. वसईच्या तहातही मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्मपालनाची मोकळीक दिलेली होती. आपल्या मराठी मातीचा हा गुण आपण विसरता कामा नये.

त्याचबरोबर दुसरी बाजूही झाकू नये. पोर्तुगीज राजवटीत क्रूस आणि तलवार पुष्कळदा एकाच जहाजातून उतरले. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत धर्मन्यायालय होते आणि त्याने अनेकांना छळले. सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती लोकांनी केलेल्या असहिष्णुतेबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये देवाजवळ जाहीर क्षमायाचना केली. किल्ल्याचा अभिमान बाळगण्यापूर्वी आपण ती क्षमायाचना आठवावी. तटाच्या आत जे होते ते सगळेच प्रकाश नव्हते.

कोर्लईच्या लोकांनी आणखी एक गोष्ट सांभाळली, ती म्हणजे भाषा. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली ही बोली ते घरी बोलतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. ते तिला 'नॉ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', असे म्हणतात. बोलणारे आज हजाराच्या आतबाहेर. तिचा अभ्यास करायला परदेशातून भाषाशास्त्रज्ञ आले. धर्मामुळे आजूबाजूच्या समाजापासून वेगळे पडलेले आणि १७४० नंतर पोर्तुगिजांपासूनही तुटलेले हे लोक एकमेकांत राहिले, एकमेकांत लग्ने झाली, म्हणून भाषा टिकली, असे त्यांचे अनुमान आहे. (पोर्तुगीज शब्द आपल्याही तोंडी आहेत. पाव, चावी, बटाटा, पगार, घमेले हे सारे तेथूनच आले. साम्राज्य गेले, पाव आणि पगार राहिले!)

गावात एका मावशींनी आम्हाला ओटीवर बसवले, पाणी दिले. त्यांची नात शेजारीच खेळत होती. आम्ही विचारले, "मावशी, ही भाषा मुलांना कोण शिकवतं?" त्या हसल्या. "शिकवायला कशाला पाहिजे? घरात बोलतो ना. रोज संध्याकाळी बसतो, जपमाळ म्हणतो, जेवतो. पोरं ऐकतात." मग थोडे थांबून म्हणाल्या, "आता मात्र पोरं बाहेर जातात नोकरीला. फोनवर मराठीच बोलतात."

बंधुभगिनींनो, किल्ला नऊशे मीटर लांब होता, अकरा दरवाज्यांचा होता. त्याच्या आतल्या देवळाला आज छप्पर नाही. जे टिकले ते ओटीवर, संध्याकाळच्या जपमाळेत, आजीच्या तोंडून नातीच्या कानात. आणि जे आज धोक्यात आले आहे, तेही शत्रूच्या तोफेमुळे नव्हे. संध्याकाळी घरात एकत्र बसणे कमी झाले, म्हणून. मावशींचे शेवटचे वाक्य आम्हाला कोर्लईचे वाटलेच नाही. ते पिंपळीचे वाटले.

४. आविलाची संत तेरेजा

कोर्लईचे देऊळ कार्मेल डोंगराच्या मरियेचे आहे, म्हणून आम्हाला सहज कार्मेल संघाची एक मोठी संत आठवली, आविलाची संत तेरेजा. तिचे गाव डोंगरावरच्या नगराचा जणू नमुनाच आहे. स्पेनच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवर, आविला वसले आहे. अकराव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलेला त्याचा तट आजही अखंड उभा आहे. परीघ सुमारे अडीच किलोमीटर, ऐंशीहून अधिक बुरुज, नऊ दरवाजे. तेथील कॅथेड्रलची मागची भिंत म्हणजे तटाचाच एक बुरुज आहे! देऊळ आणि किल्ला इतके एकजीव झालेले दुसरीकडे क्वचितच दिसतील. १९८५ मध्ये युनेस्कोने या नगराला जागतिक वारशाचा मान दिला. जगभरचे यात्रेकरू ते पाहायला जातात. आम्हाला तो योग आलेला नाही, पण सेमिनरीत असताना तिचे ग्रंथ वाचताना ते नगर मनाने पुष्कळदा पाहिले.

तेरेजा १५१५ मध्ये जन्मली. तिचे घर तटाच्या आत, सुखवस्तू कुटुंबाचे होते. पण गंमत पाहा. १५३५ मध्ये ती ज्या मठात दाखल झाली तो एन्कार्नासिओन मठ तटाबाहेर आहे. १५६२ मध्ये तिने सुधारित कार्मेलचा पहिला मठ संत योसेफाच्या नावाने स्थापला, तोही तटाबाहेर. लहानसे घर, मोजक्या भगिनी, बाहेरून विरोध. नगरातील प्रतिष्ठित लोकांना हा गरीब मठ नकोसा झाला होता. पुढे तिने बैलगाडी-खेचरांच्या प्रवासात, ऊनपावसात, सतरा मठ उभे केले. १५८२ मध्ये ती वारली तीही आविलापासून दूर, आल्बा दे तोर्मेस येथे.

१५७७ मध्ये तिने 'आंतरिक किल्ला' हा ग्रंथ लिहिला. आपल्या आत्म्याची ती एका किल्ल्याशी तुलना करते. त्यात सात दालने आहेत, अगदी आतल्या दालनात राजा राहतो, आणि आत जायचे दार म्हणजे प्रार्थना. कोर्लईचे आतले सात दरवाजे ओलांडताना आम्हाला हा ग्रंथ आठवला. फरक एवढाच की कोर्लईचे दरवाजे माणसांना बाहेर ठेवण्यासाठी होते, आणि तेरेजाचे दार सर्वांना आत घेण्यासाठी. तटाच्या नगरात वाढलेल्या मुलीने खरा किल्ला दगडात शोधला नाही. पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून घोषित केले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

आणि आपल्या शेतकरी बंधूंसाठी एक गोष्ट. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये तेरेजाला संतपद दिले गेले, तेव्हा तिच्याबरोबर संत इग्नेशियस आणि संत फ्रान्सिस झेवियर होते. त्याच रांगेत एक साधा शेतमजूरही होता, माद्रिदचा संत इसिदोर, जो आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात नांगर धरत आला. प्रकाश होण्यासाठी किल्लेदार असावे लागत नाही.

तटाबाहेरचा हा धागा शेवटी कोठे पोहोचतो? इब्री लोकांस पत्र (१३:१२-१३) आपल्याला आठवण देते की येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसले, आणि आपणही त्याच्याकडे बाहेर जायचे आहे. जगातला सर्वांत मोठा प्रकाश यरुशलेमच्या तटाच्या आत नव्हे, बाहेर पेटला.

५. मग नगर म्हणजे काय?

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी असताना आम्हाला ॲरिस्टॉटलचा एक विचार शिकवला गेला. नगर कशामुळे एक होते, असा प्रश्न तो 'राजनीती' या ग्रंथात घालतो. तटामुळे का? तसे असेल तर, तो म्हणतो, सगळ्या पेलोपोनेसस द्वीपकल्पाभोवती एक भिंत घालता येईल, पण तेवढ्याने त्याचे एक नगर होईल का? तो बाबिलोनचे उदाहरण देतो. ते शत्रूने जिंकले तरी तिसऱ्या दिवसापर्यंत शहराच्या एका भागाला पत्ताच नव्हता, असे म्हणत. एवढी मोठी भिंत, पण शेजाऱ्याला शेजाऱ्याची खबर नाही! ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की, एकत्र राहण्याची जी रीत लोकांनी स्वीकारलेली असते, तिच्यामुळे नगर नगर असते.

संत ऑगस्टीन याच विचाराला पुढे नेतो. ४१० मध्ये रोम लुटले गेले. न पडणारे नगर पडले, लोक हबकले. त्यावर त्याने ४१३ ते ४२६ या काळात 'देवाचे नगर' हा बावीस भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते नगर घडते ते तेथील लोक कशावर प्रेम करतात त्यावरून. स्वतःवरचे प्रेम एक नगर घडवते, देवावरचे प्रेम दुसरे. दोन्ही नगरांचे लोक एकाच गल्लीत राहतात.

तत्त्वज्ञान बाजूला ठेवून सोप्या भाषेत सांगायचे तर हे असे: कोर्लईचा किल्ला तट असूनही नगर राहिला नाही, कारण तेथे राहणाऱ्यांना तो राखायचा होता, तेथे जगायचे नव्हते. पायथ्याचे गाव तटाशिवाय नगर राहिले, कारण तेथे एकत्र जगण्याची रीत होती.

६. आपली पिंपळी

आपल्याकडे डोंगर नाही. सपाट माळ, नीरेचा कालवा, ऊस आणि बारामतीच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या गाड्या. आपली तरुण मुले पुण्याला नोकरीला जातात आणि सणाला येतात. आजींचा प्रश्न त्यातूनच आला आहे: आपल्यामागं काय राहील?

आम्ही त्यांना आता एवढेच सांगू: आजी, जे तुम्ही रोज संध्याकाळी घरात पेटवाल ते राहील, आणि जे तटाबाहेरच्या माणसाच्या उपयोगी पडेल ते राहील.

दरवर्षी आषाढीच्या आधी संत तुकाराम महाराजांची पालखी आपल्या रस्त्याने जाते. हजारो वारकरी पिंपळीवरून काटेवाडीकडे चालत जातात. आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे त्या दिवशी रस्त्याच्या कडेला पाण्याचे पिंप ठेवतात. कोणी त्यांना तसे सांगितलेले नाही, त्याचा फलकही नाही. एकदा एका वारकरी बाबांनी पाणी पिऊन विचारले होते, "कुठले तुम्ही?" आणि आपल्या एका ताईंनी उत्तर दिले होते, "इथलेच, माउली." आम्हाला वाटते, मत्तयाच्या पाचव्या अध्यायाचा अर्थ त्या ताईंना आमच्याआधी कळला होता. येशूची अपेक्षा अशी की लोकांनी आपली सत्कृत्ये पाहावीत आणि स्वर्गातील पित्याचा गौरव करावा. आपला मनोरा पाहावा, असे तो म्हणत नाही.

मनोरा वाईट नाही. क्रूस दिसावा, असे वाटण्यात पाप नाही. आविलाचे बुरुज सुंदर आहेत आणि कोर्लईच्या पडक्या देवळातही आम्हाला प्रार्थना सुचली. प्रश्न क्रमाचा आहे. आपल्याजवळ जमलेला निधी थोडा आहे, आणि तो आपण सर्वांनी घासातला घास काढून दिलेला आहे. गळिताच्या हंगामात आपल्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. त्यांची मुले पहाटे आईबापांबरोबर फडात जातात, संध्याकाळी अंधारात बसतात. आपल्याच काही घरांतली मुलेही एका खोलीत, टीव्हीच्या आवाजात अभ्यास करतात. देवळामागची जुनी खोली डागडुजी करून, दिवे लावून, संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासिका म्हणून सर्वांसाठी उघडली तर? धर्म-जात न विचारता. आपले निवृत्त शिक्षक आणि कॉलेजातली मुलेमुली आळीपाळीने बसू शकतील.

आम्ही हा निर्णय तुमच्यावर लादत नाही. मनोऱ्याचा आराखडा आम्हीच काढून घेतला होता, तेव्हा मत बदलल्याचा ओशाळेपणाही आमचाच आहे. काही जणांना वाईट वाटेल, हे आम्ही जाणतो. ज्यांनी मनोऱ्यासाठी म्हणून देणगी दिली त्यांची परवानगी घेतल्याशिवाय एक रुपयाही दुसरीकडे वळवला जाणार नाही. पुढील रविवारी मिस्सानंतर सर्वांनी थांबावे. दोन्ही बाजू मोकळेपणाने मांडाव्यात. आधी मनोरा की आधी खोली, हे आपण सर्व मिळून ठरवू. पण येण्यापूर्वी आठवडाभर घरी पुढील प्रश्नांवर मनन करावे, ही विनंती.

घरी मनन करण्यासाठी

१. मत्तय ५:१३-१६ कुटुंबाने एकत्र वाचावे. आपल्या घरातील कोणती गोष्ट शेजाऱ्यांना उजेड देते? कोणती गोष्ट आपण मापाखाली झाकून ठेवली आहे?

२. गेल्या महिन्यात किती संध्याकाळी आपण एकत्र बसून प्रार्थना केली? बाहेरगावी असलेल्या मुलामुलींना त्या वेळी फोनवर सामील करून घेता येईल का?

३. आपल्या आजीआजोबांनी श्रद्धा कशी स्वीकारली, ती कशी जपली, ही गोष्ट मुलांना ठाऊक आहे का? या आठवड्यात ती त्यांना सांगावी.

४. आपल्या 'तटाबाहेर' कोण राहते? त्यांच्यापैकी एकाचे नाव आपल्याला माहीत आहे का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू वेशीबाहेर क्रूस वाहिलास आणि तेथूनच सगळ्या जगाला उजळलेस. आम्ही थोडे आहोत म्हणून घाबरू नये, आणि दिसावे म्हणून धडपडू नये, अशी कृपा आम्हाला दे. आमच्या घरांतील दिवा विझू देऊ नकोस. दूर गेलेल्या आमच्या लेकरांच्या खोलीतही तो पेटता ठेव. कार्मेल डोंगराच्या माते मरिये, आविलाच्या संत तेरेजा, शेतकऱ्यांच्या संत इसिदोर, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.

आपला प्रभूमधील,
आपले धर्मगुरू